ब्लीचिंग पावडरवरची पावलं

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. इथले अनुभव मी टाइमपास म्हणून वाचायचे, झालं. आता स्वतःच लिहायला बसलेय...

आम्ही खालापूरला तळमजल्यावर राहतो, पुढे छोटा ओटा. हे खोपोलीला कंपनीत. यंदा शिमग्यानंतर सासूबाई गेल्या. शेवटी शेवटी डावा पाय घासत चालायच्या, त्यात दमा. आमचं फार गूळपीठ होतं असं नाही, दिवसातून दोनदा वाजायचंच. पण माणूस गेलं की घर खायला उठतं हो.

सुतकाच्या दिवसांत आमच्याकडे गेलेल्याच्या जागी दिवा लावून ताटात पीठ पसरतात, सकाळी काही उमटलंय का बघतात. पीठ जसंच्या तसं! यांनी ते फार मनाला लावून घेतलं. "आई माझ्यावर रुसून गेली," एवढंच धरून बसले. धड जेवण नाही, बोलणं नाही. आईंची खाटही हलवू देईनात.

गणपतीच्या तोंडावर बाहेरचं चेंबर तुंबलं आणि गटाराचं पाणी संडास-मोरीतून उलटं घरात... शी! ओट्यावरचा मेन स्विच आधी बंद केला, लेकीला कर्जतला माझ्या माहेरी धाडलं. गमबूट, हातमोजे, मास्क. गाद्या, उशा, आईंची गोधडी — भिजलेलं सगळं टाकावं लागलं. गोधडीपाशी हे लहान पोरासारखे रडले. पण घरात लेकरू आहे, रोगराई नको, म्हणून मीच ती पिशवीत भरली.

साबणाच्या पाण्याने दोनदा फरशी घासली. हे ॲसिड आणायला निघाले होते, मी ओरडलेच — ब्लीचिंगमध्ये ते मिसळलं की विषारी वायू होतो! मग ओलसर फरशीवर नुसती ब्लीचिंग पावडर भुरभुरली, खिडक्या उघड्या टाकल्या आणि कुलूप लावून शेजारी चहाला गेलो. किल्ली माझ्याकडेच. खिडक्यांना गज आहेत.

परत येऊन दार उघडलं आणि...

पांढऱ्या पावडरीत पावलं. अनवाणी. उजवं नीट उमटलेलं, डाव्याची नुसती घासलेली रेघ. खाटेपासून दारापर्यंत.

हे पावलांपाशी उकिडवे बसले. "आई येऊन गेली गं! रुसली नाय ती!" किती महिन्यांनी हसले, आणि डोळ्यांतून पाणी.

फोटो का नाही काढला, विचाराल. सुचलंच नाही. मी दुसरंच बघत होते. सगळ्या पावलांची बोटं दाराकडे होती. आत येणारं एकही पाऊल नव्हतं.

म्हणजे आई आल्या नव्हत्या. इतके महिने त्या घरातच होत्या. जिवंतपणी, मी पावडरीचा डबा काढला की म्हणायच्या, "तुजी ती पावडर माज्या छातीत जाते गं. मी भाईर बसते, झालं की हाक मार." आणि पाय घासत ओट्यावर जाऊन बसायच्या.

यांना काही बोलले नाही. लेक घरी यायची होती, पावडर पुसावी तर लागणारच होती. माझ्याच हाताने पुसली. मग दारात उभी राहून हळूच म्हटलं, "आई, झालं हो. या आत."

ओटा रिकामा होता.

हे आता दोन घास नीट जेवतात. आई येऊन गेली, असं सगळ्यांना सांगतात, मी हो म्हणते. ते काय होतं, मला आजही उमगलेलं नाही. पण फरशी पुसून झाली की रोज दारात जाऊन हाक मारते. अजून ओ आलेली नाही.