कोळीवाड्याच्या लाईनीतला नॉइज

प्रणाली घरत माझ्या केबल ऑफिसात नॉइज बघते. नॉइज म्हणजे इंटरनेटच्या वायरीत बाहेरून घुसणारा कचरा. कुणाच्या दारातला एखादा जोड ढिला झाला की तो आत शिरतो आणि त्या लाईनीवरच्या सगळ्या घरांतून बाहेर जाणारा सिग्नल नासवतो. स्क्रीनवरची हिरवी रेघ उसळली की समजायचं, आला. दिवसभर रेघेकडे बघत बसणं मला पगार दिला तरी जमणार नाही. ही पोरगी मात्र डबा खातानाही नजर काढत नाही.

उरणजवळच्या आमच्या कोळीवाड्याच्या लाईनीने चार महिने डोकं खाल्लं होतं. नॉइज यायचा आणि माझी माणसं दिवसाची कामं उरकून शिडी घेऊन पोचेपर्यंत गायब व्हायचा. त्या एका गल्लीपायी तीनशे गिऱ्हाइकं माझ्या नावाने शिमगा करत होती. शेवटी मी वैतागून सांगून टाकलं, रविवारी कोळीवाड्याची लाईन तोडायची, कायमची.

शुक्रवारी सकाळी सोनूबाई कोळी तडक ऑफिसात आल्या. त्यांचा परेश जहाजावर आहे. जहाज बंदराला लागलं की तो व्हिडिओ कॉल करतो, आणि त्यांच्या घरात मोबाईलला रेंज नाही.

"मला तो दिसतो," त्या म्हणाल्या, "त्याला मी दिसत न्हाय. नुसतं चौकोन दिसतात म्हणतो. सोमवारी जहाज लागणार हाय, आन् तू लाईन तोडाय निघालास?"

"मावशी, मी तरी काय करू?" माझाही आवाज चढला.

प्रणालीचं आमच्या भांडणाकडे लक्षच नव्हतं. ती चार महिन्यांच्या नोंदी भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून बघत होती.

"काका, हा अमावास्या-पौर्णिमेला येतो. तीन-चार दिवस राहतो, तोही फक्त उन्हाच्या वेळी. उधाणाचा नॉइज आहे हा."

"समुद्रानेही कनेक्शन घेतलं वाटतं," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिच्या वडिलांनी जन्मभर मिठागरात काम केलं. उधाणाचं पाणी आत कधी घ्यायचं, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. काल अमावास्या झाली होती, म्हणजे नॉइज आत्ता असणार. ती उठलीच. मीही मागोमाग गेलो, कुरकुरत. पण खरं सांगायचं तर मलाही राहवेना.

सोनूबाईंच्या घरामागे बांबूंवर बोंबील वाळत होते, जबड्यात जबडा अडकवलेल्या जोड्या. उधाणाला जाळ्यात बोंबील भरपूर येतात. बांबूंवर मावले नव्हते ते खांबावरून घरात गेलेल्या आमच्या वायरीवर टांगले होते; ऊन उतरलं की ते आत जायचे. ओझ्याने वायर लोंबली होती आणि भिंतीजवळचा जोड ताणला होता. प्रणालीने वायर तळहातावर उचलली. तिच्या फोनवर ऑफिसातली तीच रेघ दिसत होती; ती खाली बसली. सोडली; उसळली. तिने दोनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा मी उचलली.

सोनूबाई वायरीवरच्या जोड्या भराभर उतरवू लागल्या. "म्हंजे मीच? आगो, त्याच्यासाठीच तं सुकवते. रजेवर आला का घेऊन जातो."

मला माझीच लाज वाटली. एका खांबाचा खर्च वाचवायला ती वायर इतकी खाली मीच ओढली होती. गोदामातून दोन बांबू आणून मी ते अंगणात रोवले. प्रणालीने नवा जोड बसवला. लाईन तोडायचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

सोमवारी आम्ही दोघंही सोनूबाईंकडे गेलो. कॉल लागला. परेश दिसला, पण बोलेना. नुसता बघत राहिला.

"लाईन परत गेली वाटतं," मी पुटपुटलो. प्रणालीने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. रेघ खाली, एकदम शांत होती.

"आये," परेश म्हणाला, "एवढी बारीक कधी झालीस गं?"

सोनूबाईंनी पदर सारखा केला आणि फोन जरा लांब धरला.