घोळणा फुटला तरी

लोणावळ्याच्या बंगल्यांना सरपण घालणारी ती बाई मला रोज वाटेत दिसायची. नाव मी कधी विचारलं नाही. एका चैत्रात भर उन्हात तिच्या नाकातून रक्ताची धार लागली होती आणि डोक्यावर मोळी घेऊन ती ताठ मानेनं चालतच होती.

"मावशी, घोळणा फुटलाय! वाका, नाक चिमटीत धरा." उन्हाळ्यात माझाही फुटायचा, म्हणून मला ठाऊक.

"वाकू कशी? डोईवर मोळी हाय."

"ठेवा खाली."

"परत डोईवर कोन देनार?"

"मी देते की!"

तिनं माझे किडकिडीत हात न्याहाळले आणि मोळी उतरवली. पुढं वाकून, नाक दाबून, तोंडानं श्वास घेत बसली. मी वाटेकडेच्या हौदात पदर भिजवून तिच्या टाळूवर ठेवला. रक्त थांबलं. माझ्या बाजाराच्या पिशवीतला कांदा हुंगायला दिला, तो तिनं कनवटीला लावला. "भाकरीसंगं खाईन."

मोळी मात्र माझ्यानं हलेना. तिनं ती बांधाला टेकवून उभी केली आणि स्वतः खाली बसली.

"निस्ता हात लावा, वैनी. उचलाया मी हाय."

मी हात लावला. ती उठली, मान तशीच ताठ.

अजूनही कुणाचा घोळणा फुटला की मी उपाय सांगते, आणि त्याच तोऱ्यात हेही सांगते, की ती मोळी मी उचलून दिली होती.