हा बार माझा न्हाई

कवठे येमाईत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळ्यांचे ते बारवाले मामा. विहिरीच्या खडकात सुरुंग लावून लावून कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून बोलणं असं, की पलीकडच्या वस्तीलाही कळावं.

बार उडवण्याआधी लाल फडकं हलवत ओरडायचे, "बार हाय रे, बाऽऽर! घरात व्हा!" उडता दगड कुणाच्या डोक्यात बसू नये म्हणून. सांगते तुम्हाला, आमच्या शेळ्यासुद्धा आपणहून छपराखाली जायच्या.

काम झालं की चहा आमच्या ओट्यावर. एकदा नातीच्या भूगोलात वाचलेलं मी त्यांना मोठ्यानं सांगितलं, "मामा, तुम्ही फोडता तो काळा दगड पूर्वी तापलेला रस होता. जमिनीच्या भेगांतून वर आला, थरावर थर पसरून निवला."

मामा हसले. "म्हंजी भाकरीची चवडच की, अक्का! मग चूल कुठं हाय?"

"लई खोल. आत अजून तापलेलंच आहे म्हणतात."

"काय न्हाई. मी रोज उतरतो, गारेगार हाय. आपण ठोकल्याबिगर भुई कूससुदिक बदलत न्हाई."

पुढं एका दुपारी मामा ओट्यावर बशीनं चहा पीत होते. एकदम पायाखाली घुमलं, फळीवरची भांडी खणखणली. सवयीनं मी आत धावले. गल्लीतली दारं धडाधड लागली. कुणीतरी ओरडलं, "म्हातारा आवाज न देताच उडवतोय की!" मी उंबऱ्यातच थांबले. वळून पाहिलं.

"मामा, तुम्ही तर इथं. मग बार कुणाचा?"

मामा ताडकन उभे राहिले. बशी निसटली. "या अल्ला! अक्का, हा बार माझा न्हाई. भुई हालतीया! भाईर! समदी भाईर!"

ओरडतच ते आत घुसले. अंथरुणाला खिळलेल्या माझ्या सासूबाईंना गोधडीसकट उचललं. "मेल्या, हळू! हाडं हायती, खडक न्हाई," त्या करवादत होत्या. अंगणात टेकवलं तोच मागची दगडमातीची भिंत त्यांच्या पलंगावर बसली.

मामा दारं बडवत सुटले. "आजवर आत व्हा म्हणायचा, आन् आता भाईर?" असं विचारत लोक आले, आमच्या भिंतीचा धुरळा पाहून घरातली लेकरं-म्हातारी काढायला मागं धावले.

संध्याकाळी मामा अंगणात जमिनीवर तळहात टेकून बसले होते. "अक्का, जल्मभर तिला ठोकत आलो. ती आतून जागी हाय, हे ठावंच नव्हतं." पुन्हा ते विहिरीत उतरले नाहीत. दौंडला लेकीकडं गेले आणि तिथंच वारले.

आता कुठंही घुमलं, की आमची गल्ली आधी अंगणात येते. मगच विचारते, बार कुणाचा? आणि सगळ्यांची नजर आमच्या रिकाम्या ओट्याकडं जाते.