मामांचा अंगठा

एसटी सुटेपर्यंत आई खिडकीखाली उभी होती. शेजारच्या सीटवर मामा, तिचा थोरला भाऊ. "दादा, पोराला तुज्या पदरात घातलाय," ती त्यांना म्हणाली, आणि मला, "मामाच्या शब्दाबाहेर जाऊ नगंस." त्र्याण्णव साल होतं. माझ्या ट्रंकेत केमिस्ट्रीची डिग्री आणि शेंगदाण्याची चटणी.

मामा नवी मुंबईत महापेला एका रंगाच्या कारखान्यात शेड, म्हणजे रंगाच्या छटा, जुळवायचे. पिंपातला थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, दारात उन्हात धरायचा, गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी ताडायचा आणि सांगायचं, "काळा चिमूटभर, पिवळा जरा वाढीव." ट्यूबलाइटखाली रंग बघणाऱ्याला ते शिव्या घालत. मला नोकरी त्यांनीच लावली. घणसोलीच्या त्यांच्या एका खोलीत मामी तव्यावरची पहिली भाकरी मला वाढायची.

तीन वर्षांनी शेड जुळवणारा कॉम्प्युटर आला. तो चालवायला डिग्रीवाला हवा, म्हणून मला बसवलं. पण त्यात आधी सगळ्या शेडची मापं भरायची होती, आणि ती होती फक्त मामांच्या डोक्यात. रोज जेवणाच्या सुट्टीत मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसायचो. भाचा शिकतोय म्हणून ते हरखून सांगायचे. वही कशासाठी ते मला ठाऊक होतं. मी बोललो नाही.

"आता तुझ्या मामांवाचून कुठे अडणार नाही ना?" मॅनेजरनी विचारलं.

"नाही सर."

खरं तर दोन शेड अजून जुळत नव्हत्या. तेवढं सांगितलं असतं तर मामा आणखी काही महिने राहिले असते. पण मला हुशारी दाखवायची होती.

मामा आणि त्यांच्या हाताखालचे चौघे घरी बसले. वर्षभर मामांनी बाकीच्या कारखान्यांचे उंबरे झिजवले. जिथे तिथे तेच मशीन. शेवटी ते मामीला घेऊन गावी निघाले. खोलीची चावी माझ्या हातात देत म्हणाले, "कारखान्यातली माजी जागा घरातच ऱ्हायली बघ. परका आला असता तर जिवाला लागलं असतं."

पुढे ऐरोलीत फ्लॅट घेतला. रंगकाम चालू असताना मामा गावाहून आले. सवयीनं थेंब नखावर घेतला, गॅलरीत उन्हात गेले. "मशीनचा हाय न्हवं? झ्याक जुळवलाय," म्हणाले आणि भिंतींकडे कौतुकानं बघत राहिले. घर कुठलं असं कुणी विचारलं की मी ऐरोली सांगतो खरा, पण मनातून ते मला त्यांचंच उचलून आणल्यासारखं वाटतं.

त्या दुपारी सगळं सांगून टाकायला मी तोंड उघडलं. आणि विचारलं, "मामा, चहा ठेवू?"