माझं पहिलंवहिलं 'नो, थँक यू'

माझ्या इंग्रजीमुळे आमचं विलायतेला जाणं जवळजवळ रद्दच झालं होतं, आणि तेही मी इंग्रजी एकदम अचूक बोललो म्हणून.

तसं इंग्रजी मला येत होतं. जन्मभर हापिसात पत्रं लिहिली. 'विथ रेफरन्स टू युअर लेटर' अशी सुरुवात केली की पान भरेपर्यंत हात थांबायचा नाही. बोलायचं म्हटलं की मात्र जीभ टाळूला चिकटायची! आमच्या मृणालनं टॉमशी लग्न ठरवलं आणि त्याचे आईवडील आमच्या परळच्या चाळीत जेवायला यायचे ठरले, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, त्यांच्याशी बोलताना शेवटी 'युअर्स फेथफुली' म्हणू नका हां, प्लीज. साधं बोला. नॅचरल!"

नॅचरल शिकायला मी मोबाइलवरची एक बाई धरली. (बायकोच्या परवानगीनं.) ती रोज सकाळी विचारायची, "वुड यू लाइक सम टी?" आणि थांबायची. तेवढ्यात आपण म्हणायचं, "नो, थँक यू." मी गॅलरीत उभा राहून, मान किंचित कलती करून, हसून म्हणायचो. इतक्या मोठ्यानं, की पार्टिशनपलीकडचे गावडे माझ्याआधीच उत्तर द्यायला लागले. पुढचा धडा होता 'आर यू शुअर?' तो तर गावड्यांना असा काही आवडला, की दूधवाल्यानं "आज म्हशीचं नाही" म्हटलं तरी ते त्याला "आर यू शुअर?" विचारायचे!

सुलभाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, इंग्रजीशी काही देणंघेणं नव्हतं. लग्न दादरला होणार होतं, पण नंतरची पार्टी टॉमच्या गावी, विलायतेत, त्याच्या आईवडिलांच्या घरी. लेकीचं सासर बघायला मिळणार म्हणून सुलभाचा सगळा जीव त्या पार्टीत अडकलेला. "ते बोलवतीत तेव्हा नीट बोला हां," ती मला रोज बजावायची. "माझा चेडू खंयच्या घरात जाता, ता माका डोळ्यांनी बघूचा आसा." हिंदमाताला जाऊन तिनं त्या पार्टीची साडीसुद्धा आणून ठेवली होती. आता फक्त आमंत्रण यायचं बाकी होतं.

टॉमची आई हेलन आणि वडील ग्रॅहम, दोघंही अगदी साधी माणसं. बूट दाराबाहेर काढून आत आली. त्याआधी मृणालनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाबा, ते एकदा 'नो' म्हणाले की नो. आईला आग्रह करू देऊ नका." मी ते सुलभाला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि वड्यांचं पीठ आणखी थोडं भिजवलं.

कोंबडी-वडे हेलनला फार आवडले. तिसऱ्या वड्यानंतर ती म्हणाली, "नो, थँक यू. आय अ‍ॅम फुल."

"ती नको म्हणतेय गं," मी म्हटलं.

"तोंडदेखला म्हणता ती! आवाजात दम खंय आसा?" आणि चौथा वडा ताटात!

हेलननं ताटावर हात आडवा धरला. आता, पाहुण्यानं ताटावर हात धरला की आमच्याकडे वाढणाऱ्याला चेवच येतो. सुलभानं तिच्या दोन बोटांच्या फटीतून अचूक रस्सा वाढला आणि हात बाजूला होताच पाचवा वडा! हे बघून ग्रॅहमनं ताटात अर्धा वडा तसाच ठेवला आणि तो शेवटपर्यंत नुसता हसत बसला.

जेवणं झाली. मृणाल आणि टॉम आइस्क्रीम आणायला खाली गेले. हेलननं खुर्चीत जरा मागे रेलून दम घेतला आणि मला म्हणाली, "वुइल यू बोथ कम अँड स्टे विथ अस फॉर द पार्टी? द रूम इज रेडी फॉर यू."

समजलं! शब्द न् शब्द समजला! मी मान किंचित कलती केली, हसलो आणि म्हणालो, "नो, नो, थँक यू. व्हाय सो मच ट्रबल फॉर यू?" उच्चार असे, की मोबाइलवरच्या बाईनं पाठ थोपटली असती.

आता तुम्हीच सांगा, पहिल्याच बोलावण्याला 'हो' म्हणतं का कोणी? किती हावरट दिसतं ते! आपण 'कशाला उगाच' म्हणायचं, समोरच्यानं 'असं कसं, यायलाच पाहिजे' म्हणायचं, आपण 'बघू' म्हणायचं, त्यानं जरा रागवायचं, आणि मग आपण बॅग भरायची. माझं 'कशाला उगाच' झालं होतं. आता त्यांची पाळी होती.

"ओह," हेलन म्हणाली. "ऑफ कोर्स. वुई अंडरस्टँड."

मी वाट बघतोय. ती पंख्याकडे बघतेय. म्हटलं, आपणच जरा आठवण करून द्यावी.

"समरमध्ये... इन समर, इंग्लंड इज नाइस?"

"येस," ग्रॅहम म्हणाला.

"वुई हॅव पासपोर्ट."

"गुड."

"न्यू पासपोर्ट!"

"व्हेरी गुड."

तेवढ्यात आइस्क्रीम आलं. ते खाऊन मंडळी टॅक्सीत बसली. मृणालही त्यांना हॉटेलवर सोडायला गेली.

टॅक्सी वळते न वळते तोच सुलभा म्हणाली, "मगे? बोलवल्यानी?"

"बोलवलं ना."

"आणि तुम्ही काय सांगितलात?"

"नको म्हटलं."

"बराबर. आणि दुसऱ्यांदा इचारल्यानी तेव्हा?"

"दुसऱ्यांदा विचारलंच नाही गं!"

सुलभा मटकन खाली बसली. "शिरा पडली तुमच्या इंग्रजीर!" एवढंच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. ती भांडली असती तर परवडलं असतं. मला इतकं वाईट वाटलं, की मी न सांगता भांडी घासायला घेतली.

भांडी अर्धी झाली नाहीत तोच मृणालचा फोन. "बाबा, काय बोललात तुम्ही? हेलनला वाटतंय, तुम्हाला हे लग्नच पसंत नाही!"

"अगं, मी नुसतं नको म्हटलं..."

"मी सांगितलं होतं ना, एकदा नो म्हणजे नो!"

"ते त्यांचं! आमचं नो पण ते नोच धरतील, हे कुठे सांगितलं होतंस?"

मृणालनं फोन स्पीकरवर टाकून सरळ हेलनकडे दिला. समोर सुलभा उभी, पार्टिशनपलीकडे गावडे श्वास रोखून. आणि मोबाइलवरच्या बाईनं यावर एकही धडा घेतला नव्हता! डोळे मिटले आणि सुटलो. "मॅडम, इन अवर हाउस, फर्स्ट नो इज नॉट नो. फर्स्ट नो इज ओन्ली रिस्पेक्ट. यू आस्क अगेन, अँड अगेन, देन वुई कम. माय वाइफ वॉन्ट्स टू सी हर डॉटर्स हाउस. साडी इज ऑल्सो रेडी. प्लीज आस्क अगेन!"

पलीकडून हेलन हळूच म्हणाली, "सो... दॅट इज व्हाय आय एट फाइव्ह वडाज?"

"येस, मॅडम. शी वॉज वेटिंग फॉर युअर रिअल नो."

हेलन अशी काही खदखदून हसली, की सुलभाही न समजता हसायला लागली. हसू आवरून हेलन म्हणाली, "वुइल यू कम..."

"येस, प्लीज!" मी तिला वाक्य पुरं करूच दिलं नाही. पुन्हा धोका नको! सुलभानं डोळे पुसले आणि तिथूनच देवाला हात जोडले.

"स्टे अ होल मंथ?" मागून ग्रॅहमनं विचारलं.

"येस, प्लीज!"

"अँड वुइल यू गिव्ह अ स्पीच अ‍ॅट द पार्टी?"

"येस, प्लीज!"

तोंडातून निघून गेल्यावर प्रकाश पडला. भाषण! इंग्रजीत! सगळ्या गोऱ्या पाहुण्यांसमोर! घाईघाईनं म्हटलं, "नो, नो, थँक यू!"

ग्रॅहम हसला. "अहा! फर्स्ट नो! ओन्ली रिस्पेक्ट!"

तेव्हापासून मी पुन्हा रोज सकाळी गॅलरीत उभा असतो. काल भाषणाचं पहिलं वाक्य पाठ झालं. छाती फुगवून म्हटलं, "फ्रेंड्स, आय अ‍ॅम व्हेरी हॅपी टू स्पीक इंग्लिश."

पार्टिशनपलीकडून गावडे म्हणाले, "आर यू शुअर?"