कीलचे बोल्ट आणि काजूचं तेल

भावाची जुनी शिडाची बोट गोव्याहून ट्रकवर आली, तेव्हा इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर तिच्या पोटाखालचा लोखंडी ठोकळा बघून एकाने विचारलं, "ह्या काय, नांगर?" भाऊ म्हणाला, "कील." त्या माणसाने मान हलवली आणि ट्रक सोडला. मला मात्र देवबागच्या खाडीकाठी बोट उतरवल्यावर त्या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा लागला, कारण दुरुस्ती माझ्याच गळ्यात पडणार होती.

शिडात वारा भरला की बोट एका अंगावर कलते. ती उलटू नये म्हणून खाली वजन हवं. आमच्या बोटीला ते टनभर ओतीव बिडाचं होतं आणि नऊ बोल्टांनी फायबरच्या तळाला लावलेलं होतं. बोटीच्या आत वाकून बघितलं तर नटांभोवती गंजाचे तांबडे ओघळ. बाहेरून कील आणि तळ यांच्यामध्ये सुरी सहज आत जाईल एवढी फट.

कुडाळच्या एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं मी ते चालवते. बोल्ट बनवणं हे माझं रोजचं काम. भाऊ जहाजावर अधिकारी आहे. रात्रीच्या आकाशातला कुठलाही तारा ओळखून दाखवेल, पण पाना कुठल्या बाजूला फिरवायचा ते मला विचारेल. ही बोट पाण्यात घालायची म्हणून त्याच्या दोन सुट्ट्या आधीच वाया गेल्या होत्या. एक कागदपत्रांत, एक पावसात. ही तिसरी. कील खोल असल्यामुळे बोट फक्त मोठ्या उधाणालाच खाडीच्या मुखावरची वाळू ओलांडू शकत होती. या अवसेचं उधाण चुकलं तर पुढचं पुनवेला, आणि पुनवेच्या आधीच त्याला जहाजावर हजर व्हायचं होतं. म्हणजे आणखी आठ-नऊ महिने बोट माडाखाली आणि हा समुद्रात, दुसऱ्याच्या जहाजावर.

बोटीला टेकू लावायला आम्ही जवळच्या एका म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. पंचाहत्तरीचा माणूस, आयुष्यभर लाकडी होड्या बांधलेला. त्याने बोटीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि निकाल दिला.

"आमी पठाण, म्हंजे होडयेचो कणो, आधी घालतंव, मगे तेच्यार होडी बांधतंव. तुमी होडी बांधलास आणि मगे पठाण खालसून टांगलास. घर बांधून झाल्यार पाया चिकटवल्यासारख्या झाला ह्या!"

"काकानू, आमी नाय बांधली. इंग्रजांनी बांधली," भाऊ म्हणाला.

"मगे बरोबर."

टेकू मात्र त्याने असे लावले की बोट तसूभर हलली नाही. कसालहून क्रेन मागवली. नट सोडले, बोट वर उचलून उंच टेकूंवर ठेवली आणि कील खाली लाकडी चौकटीत उभी राहिली. जुने बोल्ट सांध्यापाशी उंदराने कुरतडल्यासारखे झाले होते. तीन तर पाना लावताच तुटले. हे बोल्ट घेऊन भाऊ गोव्याहून समुद्रमार्गे बोट चालवत येणार होता. ट्रकचा सल्ला माझा होता, हे मी त्याला त्या आठवड्यात बऱ्याचदा ऐकवलं.

नऊ नवे बोल्ट मी स्वतः लेथवर काढले. बिडात अडकलेले तुकडे ड्रिलने पोखरून काढले, नवे आटे पाडले. बोटीच्या आतला तळ बोल्टांच्या भोकांभोवती तडकला होता. तो घासून कोरा केला. आता त्यावर काचेच्या धाग्यांच्या चटईचे आणि रेझिनचे नवे थर द्यायचे, की तळ पुन्हा जाड आणि एकजीव. अवसेला नऊ दिवस होते. वेळ पुरेसा होता. मी एक दिवस वर्कशॉपची कामं उरकायला कुडाळला गेले. भाऊ बँकेत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर बोटीच्या आतला कोरा तळ काळा कुळकुळीत, चकचकीत. खाली कीलचा माथाही तसाच. सुतार माडाला टेकून बसला होता, चेहऱ्यावर समाधान.

"काकानू, ह्या काय?"

"काजूच्या टरफलांचा तेल. घरच्या होडयेक काढलेला, तां हाडलंय. दोन हात दिलंय. आता धा वर्सां कीड लागाची नाय."

"कोणी सांगलेला तुमका?"

"कोण कित्याक सांगतलो? उघडा पडलेला, माका दिसता मां!"

लाकडी होडीला हे तेल म्हणजे खरोखर जीवदान. कोकणातला कुठलाही जुना सुतार हेच करेल. फक्त तेल लागलेल्या जागेवर रेझिन धरत नाही. पण त्याने घरचं, वर्षभराचं तेल आमच्यासाठी ओतलं होतं. ओरडून ते डब्यात परत जाणार नव्हतं.

भावाने मला बाजूला नेलं. "गो बाय, वरसून रेझिन मारूया. पुढच्या सुट्टीत परत उघडू."

"आणि मधी कील सुटली तर?"

"तुझे बोल्ट आसत. सुटाचे नाय."

"माझे बोल्ट सुटाचे नायत. ज्या तळात ते आसत, तो सुटतलो. मगे बोल्ट, कील सगळा सोबत खाली. वर तू."

तो बोटीला पाठ करून खाडीकडे बघत राहिला. त्याला कळत होतं, पण आठ दिवसही त्याला मोजता येत होते.

मी तेलावरच हातभर जागेत रेझिन आणि चटईचा एक तुकडा लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराला म्हटलं, "काकानू, ह्या नखान काढून बघा." त्याने कोपऱ्यात नख घातलं आणि तापवलेल्या दुधावरची साय निघावी तसा अख्खा तुकडा त्याच्या हातात आला. तो त्याने उलटा केला, वास घेतला, पुन्हा उलटा केला.

"लाकूड तेल पिता," तो हळू म्हणाला. "ह्या काय पियाचा नाय."

"नाय."

"मगे काढूया. बसान काय करतलंव?"

त्या दिवसापासून खाडीकाठी तेलबंदी लागू झाली. आधी ॲसिटोनने पुसायचं, मग घासायचं. उलट केलं तर घासताना तेल आणखी आत जातं. पुसलेली चिंधी टाकून द्यायची. सुताराला ते जमेना. तो चिंधी झटकून दुसऱ्या बाजूने वापरायचा. चार वेळा सांगून झाल्यावर मी चिंध्यांचं गाठोडंच मांडीखाली घेऊन बसले आणि एकेक हातात देऊ लागले. "देवळातलो परसाद देतंस काय गो?" तो म्हणाला. मी केसांना तेल लावणं बंद केलं. भावाने तळलेला बांगडा खाल्ला तर साबणाने दोनदा हात धुतल्याशिवाय त्याला शिडीवर पाय ठेवू देत नव्हते. घासताना काचेची पूड अंगभर बसायची आणि खाजकुयली लागल्यासारखे आम्ही तिघं माडांना पाठ घासत उभे राहायचो. येणारी-जाणारी माणसं थांबून बघायची.

पहिल्या संध्याकाळी मी तळावर तांब्याभर पाणी ओतलं. अळवाच्या पानावर राहावेत तसे थेंब गोळा होऊन पळाले. म्हणजे तेल आहे. दुसऱ्या संध्याकाळी थेंब कमी, तरी होतेच. तिसऱ्या संध्याकाळी तांब्या सुताराने माझ्या हातातून घेतला आणि स्वतः ओतला. पाणी पसरलं आणि एकसलग पडून राहिलं. तो गुडघ्यांवर बसून बराच वेळ निरखत होता.

"आता पियाला," तो म्हणाला.

पियालं नव्हतं, पण अर्थ बरोबर होता.

थर दिले. ते कडक व्हायला दीड दिवस गेला. त्यात मी एक मिनिटही कमी होऊ दिलं नाही, भाऊ घड्याळ दाखवत राहिला तरी. सांध्यात चिकट मसाला भरून बोट कीलवर उतरवली, मोठे वॉशर घातले आणि नट समोरासमोर, थोडे-थोडे आवळत नेले. रंगाला एकच दुपार उरली. एका बाजूला लाल रंग झाला, दुसरी राखाडीच राहिली.

अवसेच्या सकाळी क्रेनने बोट पट्ट्यात घेतली तेव्हा काठावरच्या एका मासेवालीने हाक मारली, "अगो, एकाच गालाक पावडर लायल्यास तो?"

"दुसरो गाल पुढच्या वर्साक!" मी म्हटलं.

बोट तरंगली. सुतार आम्ही न बोलावताच चढून पुढे बसला होता. भाऊ सुकाणूवर. मी आत उतरले, फळ्या उचलल्या आणि प्रत्येक बोल्टाभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली. कागद थोडंही पाणी लपवत नाही. मुखावरची वाळू ओलांडताना खालून एक घासल्याचा आवाज आला आणि बंद झाला. वर शीड चढलं असावं, कारण बोट एकदम कलली, आणि टनभर बीड एका बाजूला ओढलं जाणं म्हणजे काय ते माझ्या पाठीला समजलं. मी टॉर्च घेऊन एकेक कागद बघितला. भावाने बोट फिरवली, ती दुसऱ्या अंगावर कलली. पुन्हा बघितले. मग सगळे सोडून मुठीत घेतले आणि वर गेले.

वर मालवणपर्यंत लख्ख उघडं पाणी होतं, शीड भरलेलं होतं आणि भाऊ त्यातलं काहीच बघत नव्हता. तो माझ्या मुठीकडे बघत होता.

"किती भिजले?"

मी कागद त्याच्या मांडीवर ठेवले. त्याने एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्याने एकेक चाचपला. नऊच्या नऊ कुरकुरीत. तो पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

"मेल्या, कागद काय बघतंस!" सुतार पुढून ओरडला. "दोन वर्सां थांबलंस, आता शीड बघ!"