माय दरवर्षी विचारायची

कारगिल विजय दिवसाला मनीषनगरच्या आमच्या सोसायटीत सुभेदार वासनिकांना शाल-श्रीफळ द्यायचं आणि ती शाल त्यांनी घडीही न मोडता पिशवीत टाकायची, हे दरवर्षीचं ठरलेलं. भाषणाचा आग्रह झाला की म्हणायचे, "माही बस चुकन गा." अध्यक्ष बिचारे माइक धरून उभेच. मी सेक्रेटरी, म्हणून त्यांना स्कूटरवर स्टँडला सोडायचं काम माझ्याकडे.

बस सावनेरची. तिथे शंकरची आई राहते. शंकर त्यांच्याच पलटणीतला, लढाईत गेलेला. म्हातारी शाल ठेवून घ्यायची, भाकर-झुणका वाढायची आणि यांचे हात धुऊन झाले की एकच विचारायची, "त्याले पाणी भेटलं होतं का गा?"

"भेटलं, माय. म्या माह्या हातानं पाजलं."

खरं काय ते त्यांनी मला एकदा स्टँडवर सांगितलं. "मी तं खालीच होतो. त्याले वरून आणलं तवा सारं संपलं होतं. कोणी पाणी पाजलं का नाई, मले काय मालूम?"

मी म्हटलं, मग एवढी दगदग काहून करता, फोनवर सांगून टाका ना.

चिडले. "फोनवर कोणीबी सांगते. माय माह्या तोंडाकडे पाहून विचारते. तिले तोंड पाहाले पायजे."

लॉकडाऊनच्या वर्षी बस नाही, नाक्यानाक्यावर पोलीस. पासाचं काय झालं, हे सुभेदारांनी इतक्यांदा विचारलं की मी वैतागलो. पास मिळाला नाही. कार्यक्रम मोबाइलवर उरकला. जो तो आपल्या चौकोनात झेंडा हलवत होता, कुणी गाणं लावलं, कुणी 'ही लढाईसुद्धा आपण जिंकलोच' असं ठोकून दिलं. इकडे गल्लीत रोज कुणाच्या तरी दारापुढे पत्रे लागत होते. मला तर त्या जिंकण्याचाच थकवा आला होता.

तेवढ्यात सुभेदारांच्या बायकोच्या फोनवर सावनेरहून फोन आला. तोफांनी कान गेलेले, म्हणून त्यांचा स्पीकर कायम मोठा. आणि आमच्याकडे जाणारा आवाज बंद कसा करायचा, ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हातारीचा प्रश्न अख्ख्या सोसायटीनं ऐकला. सुभेदारांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "भेटलं, माय." कुणीतरी गाणं बंद केलं. आभार मानायचे राहूनच गेले.

पुढच्या उन्हाळ्यात ते धंतोलीच्या एका दवाखान्यात भरती झाले. वर कुणालाच सोडत नव्हते. मी गेटवर पाण्याची बाटली दिली, नावाची पट्टी चिकटवून. वर पोचली की नाही, कोण जाणे. नंतर आला तो गेल्याचाच फोन. त्यांचं तोंडही आम्हाला पाहायला मिळालं नाही. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

जुलैपर्यंत बसेस सुरू झाल्या होत्या. अध्यक्षांनी सवयीनं शाल आणून ठेवली होती, ती आता द्यायची कुणाला ते कळेना. मीच पिशवीत टाकली आणि सावनेरला गेलो. म्हातारीनं शाल घेतली, भाकर वाढली. माझे हात धुऊन झाले तशी समोर येऊन बसली.

"माह्या सुभेदाराले पाणी भेटलं होतं का गा?"

ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"भेटलं, माय," मी म्हटलं. "मी माझ्या हातानं पाजलं."